छपराच्या पन्हळीत गार साचते तेव्हा : बर्फाळ प्रदेशांतून काय घ्यावे आणि काय सोडावे

काटोल तालुक्यातील एका शेतकरी बंधूंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे जुने घर मंगलोरी कवेलूंचे, म्हणजे कौलांचे असून त्याला काटकोनात जोडून त्यांनी कापूस ठेवण्यासाठी एक खोली काढली आणि तिच्यावरही तसेच उतरते कवेलूंचे छप्पर केले. दोन्ही छपरांचे उतार जिथे मिळतात त्या पन्हळीत मागच्या गारपिटीत गारा गच्च भरल्या, पाणी कवेलूंच्या खालून आत शिरले आणि भिंतीलगतचा कापूस भिजला. त्यानंतर त्यांनी बर्फ पडणाऱ्या देशांतील छपरांविषयी बरेच वाचले. फळीला चिकटणारा डांबरी-रबरी पडदा, पन्हळीत टाकायची तापणारी तार आणि छपरावरचा बर्फ ओढायचे लांब दांड्याचे दाताळे या तीन वस्तूंपैकी आपल्याकडे काय उपयोगी पडेल, असे ते विचारतात. मी छपरांचीच कामे करतो आणि त्यातली काही वर्षे हिमाचलात पत्र्याच्या छपरांवर काढली आहेत, म्हणून दोन्हीकडचे पाहून उत्तर देत आहे.

तार मुळीच घेऊ नये. पडदा विचार करून घ्यावा, आणि दाताळे घरीच करता येते. मात्र त्या देशांतील कारागिरांकडून खरोखर घेण्यासारखी गोष्ट या तिन्हींपैकी एकही नाही. ती आहे पन्हळीची घडण, म्हणजे तिची रुंदी, तिच्या कडा आणि तिचे खालचे तोंड. प्रश्नात तिचा उल्लेखच नाही, आणि नुकसान मात्र तिथूनच झालेले आहे.

थंड प्रदेशात छपराचे नुकसान कसे होते ते आधी पाहू. घर आतून तापवलेले असते. ती ऊब माळ्यातून वर झिरपते आणि छपरावरच्या बर्फाचा खालचा थर वितळू लागतो. ते पाणी उतारावरून वळचणीपर्यंत येते; पण वळचण भिंतीच्या बाहेर असल्यामुळे तिला घरातली ऊब मिळत नाही, आणि पाणी तिथे पुन्हा गोठते. असे रोज थोडे थोडे होत वळचणीवर बर्फाचा बांध तयार होतो, त्याच्या मागे पाणी तुंबते आणि उताराच्या उलट दिशेने आच्छादनाखाली शिरते. पन्हळीत हे अधिक होते, कारण तिथे दोन उतारांवरचा बर्फ एकत्र येतो आणि पन्हळीचा स्वतःचा उतार छपरापेक्षा कमी असतो. शिवाय गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे फटीत शिरलेले पाणी ती फट रुंदावत जाते. म्हणून तिकडचा जाणकार पहिला उपाय छपरावर करतच नाही. तो माळ्यावर उष्णतारोधक थर जाड करतो आणि छपराखालून बाहेरची गार हवा खेळती ठेवतो, म्हणजे बर्फ खालून वितळतच नाही. तापणारी तार हा तिकडेही मूळ दोष तसाच ठेवून केलेला उपाय आहे. ती बर्फात पाण्याला एक वाट करून देते, बांध होण्याचे कारण काढत नाही.

आपल्याकडे ही वितळण्या-गोठण्याची साखळी नाही. आपल्याकडे येते ती गार, आणि तीही बहुधा फेब्रुवारी ते एप्रिल या काळात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आणि फेब्रुवारी २०१८ मधील गारपीट विदर्भातल्या शेतकऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही. गार काही मिनिटांत पडून जाते. पण तिच्यासोबत, आणि पुष्कळदा तिच्यामागून, जोराचा पाऊस येतो. उतारावरून घरंगळलेल्या गारा पन्हळीत गोळा होतात, एकमेकींना चिकटतात, खालचे तोंड बंद होते आणि वरून येणारे पाणी त्या ढिगामागे उभे राहते. कारण वेगळे असले तरी शेवट तोच होतो : छप्पर वाहत्या पाण्यासाठी बांधलेले असते आणि त्यावर पाणी साचून उभे राहते. तिकडे बर्फ कित्येक आठवडे टिकतो, आपल्याकडची गार तासा-दोन तासांत विरघळते. पण कापूस भिजायला तेवढा वेळ पुरतो.

किती गार साचते याचा अंदाज हिशेबाने करता येतो. पन्हळीकडे उतरणारे दोन्ही छपरांचे क्षेत्र ५० चौरस मीटर धरले आणि त्यावर सरासरी २ सेंटिमीटर गार पडली, तर तिचे आकारमान एक घनमीटर होते. गारांमधली पोकळी वजा करूनही तिचे वजन पाच क्विंटलच्या पुढे जाते. त्याच क्षेत्रावर ताशी १०० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस आला, तर दर मिनिटाला सुमारे ८३ लिटर पाणी पन्हळीत उतरते. मधल्या दोन-तीन इंचांच्या फटीतून हे दोन्ही एका वेळी जाऊ शकत नाही, हे वेगळे सांगायला नको.

यात एक गोष्ट आपल्याकडची खास आहे. कडुनिंबाची पानगळ आणि गारपिटीचा हंगाम एकच. अंगणात किंवा गोठ्याजवळ निंब नाही असे घर आपल्या भागात क्वचितच सापडेल, आणि फाल्गुनात त्याची बारीक पाने नेमकी पन्हळीत येऊन बसतात. दवाने आणि धुळीने त्यांचा जाड थर होतो, वरून तो कोरडा व निरुपद्रवी दिसतो. पहिली गार त्या थरावर अडते आणि पुढची तिच्यावर. प्रश्नकर्त्यांच्या घराजवळ निंब आहे की नाही हे मला ठाऊक नाही, पण असेल तर होळीच्या आधी एकदा आणि पाडव्याच्या सुमारास एकदा पन्हळ झाडून घ्यावी. या कामाला खर्च नाही, आणि निम्मी अडचण यानेच दूर होते.

आता पन्हळ उघडून पाहावी. बाजूच्या दोन-तीन ओळींतील कवेलू सावकाश उचलले की खालच्या पत्र्यावर चिखलाच्या बारीक रेषा दिसतात. पाणी जिथवर चढून थांबले तिथे ते गाळाची एक कड सोडून जाते, आणि त्या रेषेवरून पाणी किती उंच उभे राहिले होते ते कळते. रेष पत्र्याच्या काठापर्यंत गेलेली असेल आणि काठाखालची रीप, म्हणजे कवेलू ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, काळी पडलेली असेल, तर पाणी तिथूनच आत आले. रेष काठाच्या बरीच आत थांबली असेल, तर दोष पत्र्यांच्या जोडात, खिळ्याच्या भोकात किंवा गंजून चाळण झालेल्या जागी शोधावा. या तपासाआधी डांबर फासून घेण्याची घाई करू नये. डांबराने रेषा झाकल्या जातात आणि मग खरे कारण पुढच्या गारपिटीपर्यंत कळत नाही.

आपल्या गावांतील बहुतेक पन्हळींत मला एकच रचना आढळते. अठरा इंच रुंदीचा साधा पत्रा मधोमध वाकवून ठेवलेला असतो, त्याच्या कडा सपाट असतात, दोन्ही बाजूंचे कापलेले कवेलू सिमेंटच्या गिलाव्यात बसवलेले असतात आणि मध्ये जेमतेम तीन बोटांची फट सोडलेली असते. फट अरुंद असली की काम स्वच्छ दिसते, म्हणून घरमालकही खूश असतो. या रचनेत तीन दोष आहेत. फट गारेला अपुरी पडते. ओला सिमेंट जस्ताचा थर खातो, त्यामुळे पत्रा गिलाव्याखालीच आधी गंजतो आणि वरून ते दिसत नाही. तिसरा दोष सर्वांत मोठा असून तो रुंदीचा आहे.

छपराचे दोन्ही उतार ३० अंशांचे असतील आणि ते काटकोनात मिळत असतील, तर त्यांच्यामधली पन्हळ सुमारे २२ अंशांचीच असते. अशा पन्हळीत गारेच्या ढिगामागे पाणी तीन इंच उभे राहिले, तर ते दोन्ही बाजूंना पत्र्यावरून जवळजवळ आठ इंच वर सरकते. अठरा इंची पत्र्याला प्रत्येक बाजूला नऊच इंच मिळतात, म्हणजे साडेतीन इंच पाणी उभे राहण्याआधीच काठ ओलांडला जातो. त्याऐवजी प्रत्येक बाजूला सोळा इंच पत्रा असेल, तर काठ ओलांडायला पाण्याला सहा इंच उभे राहावे लागेल. गारपिटीत पन्हळीतले पाणी सहा इंचांपर्यंत चढणे अशक्य नाही, परंतु पन्हळीचे तोंड मोकळे असेल तर ते फार अवघड आहे.

म्हणून मी तीन फूट रुंदीचा साधा जस्ताचा पत्रा रुंदीत न कापता पुराच वापरतो. जाडी २४ गेज, म्हणजे सुमारे ०.६३ मिलिमीटर घ्यावी. त्याहून पातळ पत्र्याला गारेने आणि वानरांच्या उड्यांनी पोचे पडतात. दुकानात नुसती जाडी विचारून थांबू नये, जस्ताचा थरही विचारावा, आणि दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्ताचा माल मिळाला तर तोच घ्यावा. पत्रेवाल्याकडून दोन गोष्टी करून आणाव्यात. पत्र्याच्या मधोमध लांबीभर एक इंच उंचीची उभी घडी काढावी, म्हणजे एका उतारावरून वेगाने आलेले पाणी समोरच्या उताराच्या कवेलूंखाली घुसत नाही. दोन्ही बाहेरच्या कडा इंचभर वर उचलून आतल्या बाजूला वळवाव्यात, म्हणजे चढलेले पाणी काठावरून ओघळण्याऐवजी परत पन्हळीत येते. घडीत दोन इंच आणि कडांत दोन इंच गेले की प्रत्येक बाजूला बरोबर सोळा इंच उरतात. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत कवेलूंच्या छपरासाठी पन्हळीचा पत्रा मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूला किमान ११ इंच असावा आणि मध्ये किमान एक इंच उंचीची घडी असावी असे सांगितले आहे. आपण तिच्या पुढेच जात आहोत, आणि गारेचा विचार करता ते योग्यच आहे.

पत्र्याखाली नुसत्या रिपा असू नयेत. पन्हळीच्या दोन्ही अंगांना दीड-दीड फूट फळी ठोकून सलग बैठक करावी, कारण अधांतरी पत्रा गारेच्या भाराने दबतो आणि दबलेल्या जागी कायमचे डबके होते. फळीवर टार फेल्टचा, म्हणजे डांबर मुरवलेल्या जाड कागदासारख्या पडद्याचा, एक थर अंथरावा आणि तो फक्त वरच्या व बाहेरच्या काठाला ठोकावा. पत्रा मधून कधीही ठोकू नये. मे महिन्यात उन्हात तो ७० अंशांच्या आसपास तापतो आणि पौषातल्या पहाटे १० अंशांवर येतो. एवढ्या फरकात आठ फुटी पत्रा सुमारे अर्धे सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लांबतो-आखडतो, आणि खिळ्याचे भोक दरवर्षी थोडे थोडे मोठे होत जाते. कडेच्या घडीत पत्र्याचेच छोटे आकडे अडकवून ते आकडे फळीला ठोकावेत आणि खिळा मारायचाच असेल तर तो फक्त वरच्या टोकाला, जिथे वरचा पत्रा त्यावर येतो तिथे मारावा. जोडात वरचा पत्रा खालच्यावर किमान नऊ इंच चढवावा.

यानंतर कवेलू कापण्याची वेळ येते, आणि बर्फाळ प्रदेशातील सर्वांत उपयोगी रीत मला इथेच सापडली. तिकडे उघड्या पन्हळीची फट वर सहा इंच ठेवतात आणि खाली येताना दर फुटाला एक सूत वाढवत नेतात. खाली रुंद होत जाणाऱ्या फटीत बर्फाचा तुकडा अडकत नाही; जरा सुटला की तो पुढे सरकतो, कारण पुढची जागा मागच्यापेक्षा मोठी असते. दोन्ही कडा समांतर असतील तर तोच तुकडा जागोजागी आवळून बसतो. गारेला हा नियम तंतोतंत लागू पडतो. मी आपल्याकडे वर सहा इंच ठेवून फुटाला दोन सूत वाढवतो, म्हणजे बारा फूट लांबीच्या पन्हळीत खालची फट नऊ इंच होते आणि तरीही प्रत्येक बाजूला साडेअकरा इंच पत्रा कवेलूंखाली राहतो. सुताराने सूत-दोरी आधी आखून घ्यावी, कवेलू त्या रेषेवर कापावेत आणि कापलेल्या तुकड्यांना बारीक भोक पाडून जस्ताच्या तारेने रिपेला बांधावे. गिलावा वापरू नये, आणि तांब्याची तार तर जस्ताच्या पत्र्यावर कधीच वापरू नये, कारण तिच्यावरून उतरणारे पाणी जस्त खाते.

खालचे तोंड सर्वांत जास्त दुर्लक्षित असते. पुष्कळ घरांत पन्हळ वळचणीला लावलेल्या एका आडव्या नाळीत सोडलेली असते आणि तिला तीन इंची प्लास्टिकचा पाइप जोडलेला असतो. गारेने तो पाइप पहिल्या दोन मिनिटांत बंद होतो. शक्य असेल तर पन्हळीचे तोंड पाइपाविना मोकळेच ठेवावे. पत्रा वळचणीच्या बाहेर फूटभर काढावा आणि पाणी उंचावरून सरळ खाली पडू द्यावे. भिंत मातीची असेल तर खाली फरशीचा तुकडा ठेवून शिंतोडे जोत्यापासून दूर राहतील असा उतार द्यावा. पावसाळ्याचे पाणी विहिरीत किंवा टाक्यात घ्यायचे असेल, तर जमिनीवर वेगळे कुंड करून तिथून घ्यावे, छपरावरून थेट पाइपाने घेऊ नये.

तोंडाला किंवा पन्हळीवर जाळी लावण्याचा मोह होतो, तोही टाळावा. वानर कवेलू उचकतात म्हणून लोक पन्हळीवर कोंबड्यांची जाळी ताणतात; वानरांचा त्रास खरा आहे आणि त्याला मी स्वस्त उपाय सांगू शकत नाही. परंतु जाळीवर आधी निंबाची पाने बसतात, मग गार बसते, आणि आपण स्वतःच्या हाताने बांध घातल्यासारखे होते. जाळी लावायचीच असेल तर ती पन्हळीच्या दोन्ही बाजूंच्या कवेलूंवर लावावी, मधली फट मोकळी ठेवावी.

आता चिकटणाऱ्या पडद्याविषयी. बर्फाळ प्रदेशात तो आवश्यकच आहे, कारण तिथे पाणी आठवडेच्या आठवडे उभे राहते आणि हा पडदा खिळ्याभोवतीही घट्ट बसून भोक बंद करतो. अमेरिकेच्या त्याच संहितेप्रमाणे, जिथे वळचणीवर बर्फाचा बांध होतो अशा भागांत असा थर वळचणीपासून बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या किमान २४ इंच आतपर्यंत न्यावा लागतो. आपल्याकडे त्याचा प्रश्न उष्णतेचा आहे. साधा पडदा तापलेल्या पत्र्याखाली मऊ पडून उतारावर सरकतो, म्हणून घ्यायचाच असेल तर पत्र्याखाली चालणारा, जास्त उष्णता सोसणारा प्रकार मागून घ्यावा. तो मिळाला नाही तर वर सांगितलेला टार फेल्ट पुरेसा आहे, कारण आपल्या पन्हळीत पाणी उभे राहते ते तासाभरासाठी. बाजारात टॉर्चने तापवून चिकटवायचा डांबरी पडदाही मिळतो आणि सिमेंटच्या स्लॅबवर तो उत्तम काम देतो. परंतु लाकडी फळ्यांवर, आणि त्यातही खाली कापूस भरलेल्या खोलीवर, पेटता टॉर्च कोणालाही चालवू देऊ नये. तापणाऱ्या तारेला मी सुरुवातीलाच नकार दिला त्यामागेही हेच एक कारण आहे. गार पडून संपेपर्यंत ती पुरती तापणारही नाही, आणि वर्षभर कापसाच्या डोक्यावर विजेची तार मात्र राहील.

दाताळ्याऐवजी लांब बांबूच्या टोकाला फूटभर लाकडी फळी आडवी ठोकावी आणि गार थांबल्यावर जमिनीवर उभे राहून किंवा शिडीवरून पन्हळीचे तोंड तेवढे मोकळे करावे. सगळा ढीग काढण्याची गरज नसते; तोंड सुटले की मागचे पाणीच उरलेले काम करते. छपरावर चढू नये, कारण ओले कवेलू निसटतात आणि सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते गारेने तडकलेले असूनही वरून धड दिसतात. पावडे किंवा कुदळ लावू नये. विजेची सर्व्हिस वायर पन्हळीजवळून जात असेल तर बांबू ओला असताना तिकडे हात घालू नये. गार लवकर वितळावी म्हणून कोणी मीठ टाकायला सांगितले तर ऐकू नये, त्याने पत्रा गंजतो.

या वर्षी नवा पत्रा टाकणे जमणार नसेल, तर निदान गिलावा फोडून फट रुंद करावी, कापलेले कवेलू नव्या रेषेवर तारेने बांधावेत आणि तोंडाचा पाइप काढून टाकावा. भाव वाढेल या आशेवर मार्चपर्यंत कापूस घरात ठेवणे आपल्याकडे चालतेच. तो भिंतीपासून दोन हात दूर, फळ्यांवर रचावा. दोन्ही छपरांचा भार आणि उतार पाहता नवी खोली पुन्हा कधी उतरवायची झाली, तर तिचे छप्पर जुन्या वळचणीच्या फूटभर खालून एकाच बाजूला उतरते घ्यावे, म्हणजे पन्हळच राहणार नाही. काश्मीरकडच्या घरांवर दोन पाखांचे उभट, साधे छप्पर वारंवार दिसते, त्यात हाही एक फायदा आहे.

काम पुरे झाल्यावर त्याची परीक्षा मृगाच्या पावसावर सोडू नये. पन्हळीच्या खालच्या तोंडात ओले पोते घट्ट कोंबून वरून मोटारीच्या पाइपाने पाणी सोडावे आणि पत्र्यावर चार इंचांपर्यंत पाणी उभे राहू द्यावे. एक माणूस आत विजेरी घेऊन फळ्यांच्या खालच्या अंगाला पाहत असावा. पंधरा मिनिटांत कुठेही ओल दिसली नाही तर पोते काढावे. दिसली तर त्या जागेवर खडूने खूण करून वरचे कवेलू उचलावेत, बहुतेक वेळा तिथे कडेची घडी चेपलेली किंवा जोड उलटा चढलेला सापडतो.